सवतीची पाठवणी

आज सकाळी डोळे उघडायच्या आधीच मला कळलं की बर्फ पडलाय. खालच्या मोठ्या रस्त्याची घरघर बंद झाली होती. पन्हळीचं ठिबकणं थांबलं होतं. समोरच्या उतारावरच्या मेंढ्यासुद्धा गप्प होत्या. डोळे उघडले तर छताला खालून उजेड लागलेला. एरवी उजेड वरून येतो. बर्फ पडला की तो जमिनीवरून उठतो आणि खिडकीतून आत येऊन छतावर बसतो. इतकी वर्षं या देशात काढली, तरी हा उलटा उजेड पाहिला की मी अंथरुणातच हात जोडते. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

शेजारची जागा रिकामी होती. हे केव्हाच उठले होते. खाली बुटांचा आवाज झाला, मग दाराचा, आणि थोड्या वेळानं ते जाडं इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. पिकअपचं इंजिन. वर्षभरात त्या आवाजाची सवय झाली. त्याआधी आमच्या शेडमध्ये दुसरीच गाडी असायची. बर्फाच्या दिवसांत तिचा आवाज कधी यायचाच नाही. ती हिवाळाभर गोधडी पांघरून झोपलेली असायची.

ती माझी सवत. आम्ही लंडनच्या हाउन्सलोला राहत होतो आणि हे विमानतळाजवळच्या गॅरेजात मेकॅनिक होते, तेव्हा कुणाच्या तरी परसात सडत पडलेली एक जुनी विलायती गाडी यांनी आणली. दोन माणसांची, उघड्या टपाची. आणली म्हणजे ओढूनच आणली. तिच्या बुडातून जमीन दिसत होती आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. ड्यूटीवरून आले की हे जेवायचे आणि तिच्याकडे जायचे. किती हिवाळे, किती उन्हाळे गेले. मेघना, आमची मुलगी, रांगत होती तेव्हा काम सुरू झालं. ती शाळेत जायला लागली तेव्हा गाडीला रंग लागला. तापलेल्या दुधावर साय धरते ना, तसा रंग. आत अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. दर रविवारी तिला धुवायचे, पुसायचे. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणायच्या, "काय हो, आज तुमच्या सवतीचं न्हाणं दिसतंय."

"तिचं रोजच असतं," मी म्हणायची. "माझी पाठ कधी दुखली तर विचारत नाहीत, तिचं जरा कुरकुरलं की रात्र रात्र झोप नाही."

पण मला तिचा राग कधी आला नाही. एकदा यांनी बॉनेटवर हात ठेवून मला सांगितलं होतं, "लोकांच्या गाड्या जन्मभर दुरुस्त केल्या. त्या गेल्या. या देशात माझ्या हातानं उभी राहिली ती ही एवढीच." मग तिचा मत्सर कसा करायचा? दसऱ्याला मी तिला हार घालायची, कुंकू लावायची. आणि ती नेईल तिथं जायची.

तिनंच आम्हाला इथं आणलं. जुन्या गाड्यांचा एक मेळा भरला होता डार्बीशरच्या डोंगरांत. हाउन्सलोहून टप उघडून निघालो होतो. शेवटचा चढ चढून वर आलो आणि मी सीटवरून अर्धवट उठलेच. माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तेच डोंगर इथं कुणीतरी आणून ठेवले होते, फक्त त्यांच्या अंगावरची झाडं काढून घेतली होती. गडगेसुद्धा तसेच, चुना-माती न लावता दगडावर दगड रचलेले. हे माझ्याकडे बघत होते. काही वर्षांनी यांची नोकरी संपली तेव्हा आम्ही हाउन्सलोचं घर सोडलं आणि इथल्या एका लेनवर, चढाच्या मध्यावर, हे छोटं दगडी घर घेतलं.

लेनवर घरं दोनच. मधलं आमचं आणि अगदी वर, जिथं लेन संपते, तिथं आर्थरचं.

आर्थर तेव्हाच म्हातारे होते. एकटे. मेंढ्या, एक गोठा आणि एक पिकअप. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते गडग्याशी उभे होते. आमची गाडी जवळ आली तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, काय ही रीत, नवीन माणसांना नमस्कार करतायत. मीही मान लववली. नंतर समजलं, ते गाडीला करत होते.

त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं आणि माझं त्यांना त्याहून कमी. इकडे सगळे एकमेकांना 'डक' म्हणतात, दुकानातली बाई, बसचा ड्रायव्हर, सगळे. आर्थरही मला डक म्हणायचे. पहिल्यांदा मी मागं वळून पाहिलं होतं, बदक कुठं आलं म्हणून.

पहिले दोन-तीन हिवाळे मी मेघनाला फोनवर सांगायची, "इथलं कौन्सिल फार चांगलं गं. आपण उठायच्या आत लेनवरचा बर्फ साफ करून जातात." मेघना मिल्टन कीन्सला असते, त्या चौकाचौकात राउंडअबाउट असलेल्या शहरात, आयटीत. ती म्हणायची, "आई, कौन्सिल? त्या लेनवर? सीरियसली?" मला वाटायचं, तिला काय ठाऊक. मग एका पहाटे मी रात्री बाहेर राहिलेलं दूध आत घ्यायला दार उघडलं आणि पाहिलं. आर्थरची पिकअप खाली चालली होती. तिच्या तोंडाला लोखंडाचं रुंद पातं बांधलेलं, आणि त्या पात्यावरून बर्फ एका अंगाला असा वळून पडत होता, जसं माहेरी आमच्या आबांच्या नांगरामागं ढेकूळ वळायचं. मी दुधाची बाटली धरून उभी राहिले. इतके हिवाळे आम्ही कौन्सिलचे आभार मानत होतो आणि हा म्हातारा एक शब्द बोलला नव्हता.

नांगर म्हणते मी त्याला. पण आबांचा नांगर जमिनीत शिरायचा. हा जमिनीला लागू द्यायचा नसतो. अंगठ्याएवढं अंतर सोडून धरायचा. सगळी ताकद लावायची आणि खालच्या रस्त्याला ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही. मला ते फार नवलाचं वाटतं.

मागच्या वर्षी उन्हाळा सरता सरता आर्थरना पोटाचं दुखणं निघालं. बरं होणारं नव्हतं. ते त्यांनी आम्हाला गडग्याशी उभं राहून सांगितलं, मेंढरू विकल्यासारखं. मेंढ्या खरंच विकल्या. त्यांना फक्त घरी राहायचं होतं. ज्या खोलीत जन्मले त्याच खोलीत. पण दुखण्याचं औषध एका लहानशा पंपातून अंगात जाणार होतं आणि तो पंप रोज नर्सनं येऊन भरायचा होता. नर्सनं चांगल्या शब्दांत सांगितलं, "बर्फ पडला की या लेनवर मला येता येईल, याची खात्री कोण देणार? थंडीपुरतं खालच्या गावात केअर होममध्ये चला."

"माझ्या पिकअपनं मी पंचवीस-तीस हिवाळे ही लेन मोकळी ठेवली," आर्थर म्हणाले.

"आता तुम्हाला त्या पिकअपमध्ये चढता येतं का?" नर्सनं विचारलं.

आर्थरनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

त्या संध्याकाळी हे वर गेले आणि म्हणाले, "मी चालवीन तुमची पिकअप." मीही बरोबर होते. आर्थर खुर्चीत होते. मग म्हणाले, "उसनं आणलेलं यंत्र माणूस जपून वापरतो, शँक. जपून वापरलं तर ही लेन उघडत नाही. यंत्र तुझं पाहिजे."

यांचं नाव शंकर, त्याचं त्यांनी शँक केलं होतं.

"मग मी विकत घेतो."

"मरणाऱ्या शेजाऱ्याला पैसे देणार तू?"

"मग फुकट घेऊ?"

"मी देतो म्हणालो का फुकट?" आर्थरनी खिडकीबाहेर बोट केलं. खाली आमच्या शेडसमोर ती उभी होती, उतरत्या उन्हात सायीसारखी. "ती दे. ही घे."

मला वाटलं थट्टा करतायत. यांना मात्र कळलं होतं की थट्टा नाही. पुढचे कितीतरी दिवस यांचं एकच चाललं. शेडमध्ये जायचे, तिचं दार उघडायचे, बसायचे, उठायचे. मी चहा नेऊन ठेवायची आणि परत यायची. मी काय म्हणणार होते? द्या म्हटलं असतं तर त्यांचा हात कापून द्या म्हटल्यासारखं झालं असतं. नको म्हटलं असतं तर वरच्या खोलीतला म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नसता.

एका सकाळी हे आत आले आणि म्हणाले, "दसरा कधी आहे?"

मी सांगितलं.

"त्या दिवशी तिची पूजा कर. दुसऱ्या दिवशी पाठवू."

मेघनाला फोन केला तर ती किंचाळलीच. "आई, बाबांनी ती गाडी दिली? त्या डबड्यासाठी? धिस इज नॉट अ स्वॅप, आई. बाबा ओके आहेत ना?"

"तुझ्या राउंडअबाउटवर बर्फ पडला की कौन्सिल येतं," मी म्हणाले. "इथं आर्थर यायचे."

मग म्हणाली, "मला एकदा तरी चालवायला द्यायचं ना."

दसऱ्याला मी कुंडीतला उरलासुरला झेंडू काढून हार केला. दुसऱ्या दिवशी हे किल्ली घेऊन निघाले. घरातून बाईमाणूस जातं तेव्हा आपण रिकाम्या ओटीनं पाठवतो का? मी म्हटलं, "थांबा." आत गेले. खण होता, मेघनाच्या सासूबाईंनी दिलेला. नारळ डार्बी शहरातून आणलेला होता. तांदूळ, हळकुंड, सुपारी घेतली. गाडीच्या बाजूच्या सीटवर खण पसरला, ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि सगळं बांधून पुढच्या कप्प्यात ठेवलं. हात लावला तेव्हा ते लाकूड कोमट लागलं. सवतीची ओटी भरणारी मी पहिलीच असेन. हे दुसरीकडे बघत होते.

वर गेलो. आर्थर गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पिकअप पुढं काढून ठेवली होती. तिला ओल्या लोकरीचा, डिझेलचा आणि कधीकाळच्या कुत्र्याचा वास येत होता. मी तिच्याही पात्याला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

"काय करतेय ती?" आर्थरनी विचारलं.

"सर्व्हिसिंग," हे म्हणाले.

"माझ्या वेळेस असं कुणी केलं नाही. म्हणूनच हिनं मला छळलं."

मग त्यांनी वाकून बादली उचलली आणि माझ्यापुढं धरली. तिच्यात मीठ होतं. रस्त्यावर टाकायचं, तांबूस, खडेखडे. त्यांनाही आपली गाडी रिकामी पाठवायची नव्हती. पण मी हात पुढं केलाच नाही. मला कळेना काय करावं. म्हातारा बादली धरून बसलेला आणि मी आपली हात मागं घेऊन उभी.

"नको म्हणते?" त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्यात मीठ हातातून हातात देत नाहीत," यांनी सांगितलं. "भांडण होतं."

आर्थरनी बादली खाली ठेवली. मी उचलली. मग ते म्हणाले, "माझ्या भावाकडून मी जन्मभर मीठ हातातच घेतलं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर."

हसता हसता त्यांना खोकला लागला.

बर्फ पडायच्या आधी लेनच्या दोन्ही अंगांना काठ्या रोवायच्या असतात. सगळं पांढरं झालं की रस्ता कुठं संपतो आणि चर कुठं सुरू होतो ते दिसत नाही. आर्थर खुर्चीतून सांगत गेले, आम्ही रोवत गेलो. पण नुसत्या काठ्या मला दिसेनात. मी दोन जुन्या साड्या फाडल्या, एक लाल, एक हिरवी. डाव्या अंगाला लाल चिंध्या, उजव्या अंगाला हिरव्या. पहिला बर्फ पडला आणि मी खिडकीतून पाहिलं तर डोंगरावर दुसरं काहीच उरलं नव्हतं. गडगे गेले, शेतं गेली, आभाळ आणि जमीन यांच्यामधली रेघ गेली. फक्त माझ्या साड्या वर वर चढत गेलेल्या, आर्थरच्या दारापर्यंत. लग्नात नेसलेली ती लाल साडी. तिचं असं काही होईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

नर्स म्हणाली, "मी रोज तुमच्या साडीवरून चालत येते म्हणायचं."

रोज येत होती ती. हे उजाडता उजाडता खाली जायचे, मोठ्या रस्त्यापासून वर आर्थरच्या दारापर्यंत पातं लावत यायचे. मागं नर्सची छोटी गाडी. एकदा वाऱ्यानं गडग्यावरचा सगळा बर्फ लेनमध्ये लोटला आणि नर्सची गाडी खालच्या वळणावर चरात गेली. त्या दिवशी पंप संपत आला होता. यांनी दोर बांधला आणि तिच्यासकट तिची गाडी ओढत वर आणली, पुढं पातं, मागं नर्स. मी यांच्या शेजारी बसून चिंध्या बघत होते. "लाल," मी म्हणायची. "आता हिरवी जवळ आली. डावीकडं घ्या." दोन्हीही दिसेनाशा झाल्या तेव्हा हे थांबले. काच पांढरी, आजूबाजूला पांढरं, खाली वर काही नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण आपण पोटात असताना असंच असेल, असं काहीतरी मनात आलं आणि मी शांत झाले. मग वारा जरा पडला आणि लाल चिंधी फडफडताना दिसली.

दारात पोचलो तर आतून आर्थरचा आवाज आला. "माझ्या वेळेस आठला लेन मोकळी असायची."

नर्स रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

पण त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे नाही. आठवतो तो गोठा. बरं वाटत असेल त्या दिवशी आर्थर म्हणायचे, "चल, शँक." मग हे त्यांना धरून गोठ्यात न्यायचे. तिथं ती उभी, गोधडी काढलेली. आर्थरना स्टिअरिंगमागं बसवायचे, मांडीवर शाल, आणि हे बाजूला बसायचे. दार उघडं. तिला बाहेर काढायची सोयच नव्हती, रस्त्यावरचं मीठ अशा गाडीचं लोखंड खातं. ज्या मिठानं पिकअप चालायची तेच हिचा वैरी. म्हणून नुसतं बसायचं.

"आज कुठं?" हे विचारायचे.

"समुद्रावर," आर्थर म्हणायचे. त्यांनी तरणेपणी समुद्रावर अशीच एक गाडी पाहिली होती. मेंढ्यांमुळे पुन्हा जायला झालं नव्हतं.

मी शिरा घेऊन जायची आणि दाराशी उभी राहायची. एके दिवशी ते म्हणाले, "शँक, उतर. आज डक बसेल."

मी नको नको म्हटलं. शेवटी बसले. समोर गोठ्याचं रुंद दार आणि त्यात बर्फ पडत होता, सावकाश, मोठ्या मोठ्या पाकळ्यांनी. आर्थर स्टिअरिंग धरून बसले होते. आणि मग ते झालं. बर्फ खाली येत होता, पण बघता बघता वाटायला लागलं की तो थांबलाय आणि आपण वर चाललोय. गोठा, गाडी, आम्ही दोघं, सगळं वर चाललंय, आवाज न करता. मी सीट घट्ट धरली.

"जाणवलं ना?" आर्थर म्हणाले. "कुठं न्यायचं, डक?"

परक्यांपुढं मी माझ्या गावाचं नाव कधी घेतलं नव्हतं. घेऊन काय उपयोग, कुणाला माहीत असणार? पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. मोरगिरी.

"लांब आहे का?"

"लांब आहे," मी म्हणाले.

"मग घट्ट बस."

थंडी सरता सरता आर्थर गेले. त्यांच्या खोलीत, खिडकी उघडी, आदल्या दिवशी नर्स येऊन गेलेली. त्यांना न्यायला गाडी आली त्या दिवशीही बर्फ होता. हे पुढं पिकअप घेऊन निघाले, मागं ती काळी गाडी. लाल आणि हिरव्या चिंध्यांमधून दोन्ही गाड्या हळूहळू खाली उतरत गेल्या. वरून बघताना वाटलं, हा म्हातारा वर्षानुवर्षं ज्या वाटेनं लोकांसाठी पहाटे उतरत होता, त्याच वाटेनं आज तो दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या पात्यामागून उतरतोय.

उन्हाळ्यात त्यांची पुतणी आली. ती गाडी तिनं नेली. जाताना टप उघडून आमच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "पुढच्या कप्प्यात तांदूळ आणि नारळ आहे. काकानं सांगितलंय, काढायचं नाही. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं म्हणे." यांनी बॉनेटवर एकदा हात फिरवला. मी म्हटलं, "राहू दे आत." आणि तिच्या हातावर दही-साखर ठेवली. ती समुद्राच्या गावात राहते.

आता वर कुणी नाही. घर बंद, गोठा रिकामा. लेनचा वरचा तुकडा कुणालाच लागत नाही. आज सकाळी मी खाली गेले, शाल गुंडाळून पिकअपमध्ये चढून बसले. यांनी खालपासून पातं लावत आणलं. आमचं दार आलं. मला वाटलं, आता थांबतील. हे थांबले नाहीत. काही विचारावंसं वाटलं नाही. काठ्या आम्ही मागच्याच महिन्यात रोवल्या होत्या, अगदी वरपर्यंत, आणि त्याही वेळी कुणी काही बोललं नव्हतं.

आर्थरच्या दाराशी जाऊन यांनी पिकअप गोठ्यासमोर फिरवली आणि इंजिन बंद केलं. काचेवर बर्फ पडत होता, सावकाश. वायपर थांबलेले. आम्ही दोघं बघत राहिलो. थोड्या वेळानं बर्फ थांबला आणि आम्ही वर जायला लागलो.

"आज कुठं?" हे म्हणाले.

"समुद्रावर," मी म्हणाले.